आधी क्रियापद

बाला गावात, तळ्याकडे तोंड करून
टेगवेनचं टेबल.
निवडणूक लागली की तिला काम येतं:
जाहीरनामे, इंग्रजीतून वेल्शमध्ये,
शब्दांवर दर, गुप्ततेच्या कागदावर सही.
एकाच आठवड्यात तीन पक्षांचे तीन जाहीरनामे,
दवाखान्याच्या बाकावरच्या पेशंटांसारखे
एकमेकांकडे न बघता बसलेले.

आरोग्य पुढे असतं. मग शाळा, बस, मेंढ्यांचं अनुदान.
नागरी स्वातंत्र्य येतं एक्केचाळिसाव्या पानावर,
कुत्र्यांच्या पैदाशीच्या नियमांच्या जरा आधी.
तिथे सगळेच कटिबद्ध.
कंबर बांधून झालेली,
निघायचं कुठे ते ठरायचंय.

आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं.
‘निरपराध माणसांचे बोटांचे ठसे, थुंकीचे नमुने,
त्यांच्या फोनमधून उतरवलेल्या नोंदी आम्ही’
इथवर सगळेच पक्ष चांगले असतात.
वेल्शमध्ये तशी सोय नाही.
तिथे क्रियापद दार उघडायलाच येतं,
कोण करणार आणि काय करणार
उंबऱ्यावरच सांगावं लागतं.
मग बाकीचं वाक्य घरात.

योलो, तिचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी
कार्डिफमध्ये कोरा पुठ्ठा घेऊन उभा होता.
काय लिहायचं यावर मित्राशी वाद चाललेला,
मार्करचं टोपण अजून दातात.
तेवढ्यात उचलला.
एक रात्र ठेवला, गुन्हा नोंदला नाही.
फोन अकरा महिन्यांनी परत आला.
गालाच्या आतून कापसावर घेतलेलं मात्र
तिकडेच राहिलं.
आता तो चीजच्या दुकानात असतो,
खोकी फोडताना
पुठ्ठा आधी उलटा करून बघतो.

टेगवेनने तीनदा वाचलं एक्केचाळीस.
चहा गार झाला. तळ्यावर एक माणूस
रिकामी होडी ओढत होता.
एक शब्द बदलला तर? कोण बघतंय?
नाही. तीस वर्षांत तिने
कुणाचं खोटंसुद्धा सुधारलेलं नाही.
तिने रीतसर विचारणा पाठवली:
‘पान ४१, परिच्छेद २. क्रियापद सापडत नाही. कळवावे.’

रात्री पावणेबाराला कचेरीतल्या कुठल्यातरी पोराचं उत्तर,
थकलेलं, एका ओळीचं:
मागच्या वेळचंच टाका.

मागच्या वेळी हा पक्ष विरोधात होता.
विरोधात असताना माणसं एका शब्दात बोलतात.
तिने जुनी फाईल काढली.
आढावा नव्हे, विचारविनिमय नव्हे,
‘योग्य त्या वेळी’ तर नव्हेच.
रद्द करू.
तिने टाकलं. सांगितलं तसंच केलं.
बिल पाठवलं.

साडेतीनशे प्रती छापल्या.
बहुतेक खोक्यातच राहिल्या, एक वाचनालयात गेली,
आणि इद्वल प्रोबर्ट, चर्चचे ऑर्गन सुरात लावायचं काम सोडलेला म्हातारा,
ज्याला चुकीची पट्टी झोपेतही ऐकू येते,
ती कोटाच्या खिशात घेऊन
प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीतल्या सभेला आला.

त्याने प्रश्न विचारला नाही.
उभा राहिला, चष्मा पुसला,
पान एक्केचाळीसचा पहिला शब्द वाचला
आणि बसला.

उमेदवार इंग्रजी प्रत चाळतोय.
पुढे जातोय, मागे येतोय,
कुत्र्यांपाशी थांबून परत फिरतोय.
क्रियापद खोलीच्या मधोमध उभं आहे,
त्याला कुणी खुर्ची देत नाही.
टेगवेन शेवटच्या रांगेत, मांडीवर कोट.
योलो दाराशी,
खुर्च्या आवरायला आलेला,
हातात एक घडी केलेली.

उमेदवार घसा साफ करून बोलू लागतो.
मी मराठीत ऐकतोय, म्हणून
आतापर्यंत फक्त एवढंच:
ज्या नागरिकांवर कुठलाही आरोप नव्हता
त्या सर्वांच्या बाबतीत आम्ही, म्हणजे आमचा पक्ष,
यापूर्वीही, आणि यापुढेही, नक्कीच